वळणावरची माती

“काकू, एवढं एक लक्षात ठेवा. उद्या संपत ट्रॅक्टर घेऊन आला की त्याला सांगायचं, माती तळ्याखालची आणायची. वळणावर जायचं नाही. वळणावर अजिबात नाही.”

सुनीतीनं हे मला दोनदा सांगितलं. एकदा जेवताना आणि एकदा पिशवी भरताना. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं ती कोल्हापूरला जाणार होती, चुना आणि बारीक चाळण्या आणायला. दुपारी परत यायची होती.

“किती वाजता येणार तो?” मी विचारलं.

“सात म्हणालाय.”

“मग काही अडचण नाही. पावणेसातला माझी पूजा होते.”

“म्हणून तर तुम्हालाच सांगतेय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर पाच तोंडांतून पाच गोष्टी होतात.”

याला आता अठरा वर्षं झाली. आमचं गाव येरळेच्या काठावर. सुनीती कोल्हापूरच्या एका संस्थेकडून आली होती. चित्रकलेचं शिकलेली, सव्वीस वर्षांची, अंगानं बारकी. शाळेची नदीकडची भिंत साठ फूट लांब आहे, तिच्यावर गावानं आपली नदी घडवायची असं तिचं काम. रंग नाही, सिमेंट नाही. गावचीच माती, शेण आणि भाताचं तूस कालवून, हातानं थापून, नदीतलं आणि काठावरचं जे जे ज्याला ठाऊक आहे ते त्यानं भिंतीवर उठवायचं. मी एकटी राहते, घरात पुरुष माणूस नाही, म्हणून सरपंचांनी तिची सोय माझ्याकडे केली. आम्ही गुरव. हे गेल्यावर देवळातली पूजा दिरांकडे गेली, घरातली माझ्याकडे राहिली.

पहिले आठ दिवस कुणी फिरकलं नाही. “सारवायचंच असंल तर घरात भिंती काय कमी हायत?” असं बायका म्हणायच्या. मग हौसाक्का आली. ती आली की गाव येतं. पंधराव्या दिवशी चौदा बायका भिंतीपाशी बसून मासे, खेकडे, बाभळी, म्हशी थापत होत्या.

“हा काय गं तुझा राघू, हौसाक्का? बदक झालंय त्याचं.”

“माझ्या मालकाचं प्वाट डोळ्यांपुढं असतंय रोज. हाताला तेवढाच आकार ठाऊक.”

राघू म्हणजे वेडे राघू. हिरवे, लांब चोचीचे, तारेवर ओळीनं बसतात आणि उडत्या माशा धरतात. नदी जिथं वळते तिथं पिवळसर मातीचा सरळ कडा आहे. माघ सरला की ते त्या कड्यात बिळं पाडतात. भिंतीच्या मधोमध तो कडा आणि ते राघूच घ्यायचे, असं बायकांनी ठरवलं होतं.

त्या कड्याची माती फार चांगली. पण ती दगडूतात्या कुंभारांची. सातबाऱ्यावर नाही, रिवाजानं. तात्या सत्तरीचे, गावात चाक फिरवणारे तेवढेच उरलेले. वर्षाच्या माठांची माती ते माघातच काढून ठेवत. एकदा राघूंनी चोच लावली की पिल्लं उडेपर्यंत त्यांच्या घरातलं कुणी वळणाला खोरं लावत नसे. सुनीती माती मागायला गेली तेव्हा त्यांनी सांगितलं, “तळ्याखालची घे. ती काळी हाय, फुटंल, पर मी वाळूचा मेळ सांगतो. भिंत माझी म्हणून बघीन. तेवढा वळणाचा शब्द दे.” तिनं दिला. तात्या रोज दुपारी येऊन मेळ बघत, बायकांच्या हातांवर हात ठेवून माती दाबायला शिकवत. त्यांच्यावाचून ती भिंत चार दिवस टिकली नसती.

मला मातीची सवय होती. मी रोज पार्थिव करते. तांब्याच्या वाटीत भिजवलेल्या मातीची अंगठ्याएवढी पिंड करायची, बेल वाहायचा, जप करायचा आणि परसातल्या बेलाच्या बुंध्याशी पाणी ओतून विसर्जन करायचं. मुलीला विषमज्वर झाला होता तेव्हा बोललेलं व्रत. त्यात आणखी एक होतं. उठल्यापासून विसर्जन होईपर्यंत मौन. एकोणीस वर्षं झाली होती, एकही दिवस चुकलेला नव्हता. आजारपणात नाही, ह्यांच्या तेराव्यालाही नाही. गावाला ते ठाऊक होतं. सकाळी माझ्या दारात कुणी हाक मारत नसे.

सुनीती पहिल्या आठवड्यात दाराशी बसून बघायची. एकदा भिंतीपाशी सगळ्यांच्या देखत म्हणाली, “काकू, तुमची पिंड घेऊ या का भिंतीवर? तुमच्या हातची?”

“नको. ती विरघळायचीच असते.”

हौसाक्का म्हणाली, “घ्या की वं. काकींचं रोजचं जातंय पाण्यात, भिंतीवरचं तेवढं टिकंल तरी.”

सगळ्या हसल्या. सुनीतीही हसली. मीही हसले.

तर त्या बुधवारी सुनीती पहाटे गेली. संपत सातला यायचा तो सव्वासहालाच आला. त्याच्या मेव्हण्याची हळद होती, त्याला लवकर मोकळं व्हायचं होतं. खोरी आणि घमेली माझ्या ओसरीवर असत. मी देवघरात होते. तो आला, सामान घेतलं, थोड्या वेळानं ट्रॅक्टर गेला. मी पूजा आटोपली आणि वळणावर गेले. पोचले तेव्हा साडेसात झाले होते.

पहिली ट्रॉली शाळेपाशी रिकामी होऊन दुसरी भरत आली होती. कडा होता तिथं आता उतरती घसरण होती. वरची माती सुटून खाली आलेली, तिच्यात बाभळीची मुळं लोंबत होती. संपतबरोबरचे दोघे खोरी टेकून उभे होते. दगडूतात्या खाली उकिडवे बसून ढेकळं एक एक करून बाजूला ठेवत होते.

“सतरा बिळं हुती,” ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. “परवाच मोजली.”

त्यांच्या तळहातावर अंड्यांची टरफलं होती. पांढरी, गोल. दोन अंडी शाबूत होती ती त्यांनी मातीवर ठेवली, मग परत उचलली. ठेवायला जागा नव्हती.

राघू पलीकडे विजेच्या तारेवर बसले होते. मधूनच एखादा उडून यायचा, जिथं बीळ होतं त्या उंचीवर हवेत थरथरत राहायचा आणि परत जायचा.

“मला काय म्हाईत, तात्या,” संपत म्हणाला. “दर साल हितनंच काढता की तुम्ही.”

“माघात काढतो. चैतात न्हाई.”

“कुणी सांगितलं न्हाई मला.”

एवढं म्हणून त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघत राहिला. त्याच दुपारी तो हळदीला गेला आणि चार दिवस परत आला नाही.

सुनीती दोनच्या एस.टी.नं उतरली. तात्या माझ्या ओसरीवर येऊन बसले होते. पाणी दिलं ते त्यांनी घेतलं नव्हतं. तिच्या खांद्यावरची पिशवी उतरायच्या आत ते म्हणाले, “पोरी, तू शब्द दिला हुतास.”

“दिला होता, तात्या.”

“वळण खणलं.”

तिनं पिशवी खाली ठेवली. मी दारात उभी होते. तिनं माझ्याकडे मान वळवली नाही. ती वळवत नाहीये, हे मी बघत होते.

“सगळं?” तिनं विचारलं.

“सगळं.”

“चूक माझी आहे. मी स्वतः थांबायला हवं होतं.”

“मग का न्हाई थांबलीस?”

तात्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग गुडघ्यावर हात टेकून उठले. “मी मातीपाशी येणार न्हाई आता,” म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी सरपंच आले. हिंदुराव मवाळ माणूस. खुर्चीच्या कडेवर बसून टोपी गुडघ्यावर ठेवून बोलले. “बाई, तुमचं काम वंगाळ न्हाई. बायका खूश हायत. पर दगडूतात्याला दुखवून मला चित्रं नकोत. ते राजी झाले तर भिंत पुढं. न्हाई तर शनवारी तुम्हाला एस.टी.त बसवून देतो.”

“अर्धी भिंत झालीय, सरपंच.”

“पावसात जाईल. मातीचीच तर हाय.”

ते गेल्यावर सुनीती बराच वेळ नखांतली वाळलेली माती काढत बसली. मग म्हणाली, “ही पहिली भिंत आहे, काकू. ही झाली तर नदीच्या खालच्या चार गावांत करायच्या. नाही झाली तर संस्था हे बंद करणार. मग मी परत दुकानांच्या पाट्या रंगवायला मोकळी.”

मी देवापाशी दिवा लावला.

गुरुवारी दुपारी जेवताना मी तिला विचारलं, “तू माझं नाव का सांगितलं नाहीस?”

“सांगून काय झालं असतं?”

“खरं काय ते कळलं असतं.”

“तुमचं मौन होतं ना. तो लवकर आला, त्यात तुमचं काय? मीच वेळेचा भरवसा धरला.” तिनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तसाच ठेवला. “एकोणीस वर्षं तुम्ही ते सांभाळलंत. माझ्या दोन ट्रॉली मातीसाठी ते मोडा, असं मी कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि गावात तुम्हाला राहायचंय. मी काय, आज आहे, शनिवारी नाही.”

मी तिच्या पानात आणखी भाकरी वाढली. तिला ती नको होती. दुपारचा एक वाजला होता. मला बोलायची पूर्ण मोकळीक होती. मी उठून ताक आणलं.

त्या दिवशी मी देवळातही जाऊन बसले. दीर म्हणाले, “वहिनी, बरं नाही का?” मी म्हटलं, “ऊन लागलं असेल.” ते खोटंही नव्हतं, ऊन होतंच.

शुक्रवारी चारच्या सुमाराला मी भिंतीकडे गेले. भिंतीची अर्धी बाजू सुकत आली होती आणि तिला भेगा पडायला लागल्या होत्या. एक भेग हौसाक्काच्या राघूच्या पोटातून गेली होती. सुनीती पलीकडच्या टोकाला ओली पोती भिंतीवर लावत होती, म्हणजे माती एकदम सुकू नये. बायका काम नसताना आलेल्या, शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. तात्याही आले होते, पण मातीपाशी नव्हते. आपली चाळण, पाटी आणि थापी गोळा करत होते.

“न्हेता व्हय, तात्या?” हौसाक्कानं विचारलं.

“माझी हायत.”

“न्या की. आता काय, उद्या बाई चालल्या.” मग तिनं आवाज थोडा चढवला, सुनीतीला ऐकू जाईल इतपत. “शहरातल्या माणसाला राघू भिंतीवर पायजे असतो. कड्यात असला काय न् नसला काय.”

दोघीतिघी हसल्या. सुनीतीनं पोतं पिळलं आणि दुसरं उचललं.

मी म्हणाले, “तिनं मला सांगितलं होतं.”

माझा आवाज मुळात लहान. कुणी ऐकलं नाही. हौसाक्का पुढं बोलायला लागली होती. मी परत म्हणाले, “तिनं मला सांगितलं होतं. आदल्या दिवशी. संपतला वळणावर जाऊ देऊ नका म्हणून. दोनदा सांगितलं.”

तात्यांनी हातातली पाटी खाली ठेवली. “काय म्हणालासा, काकी?”

“निरोप माझ्याकडे होता. संपत लवकर आला. माझी पूजा चालली होती. दारात उभं राहून त्यानं मला विचारलं, काकी, माती कुठनं आणू, बाईंनी काय सांगितलंय का. मी बोलले नाही. मग आपणच म्हणाला, वळणावरनं आणतो, जवळ पडंल. ते मी ऐकलं.”

आधी हौसाक्काच म्हणाली, “मौन हुतं की वं तुमचं.”

“होतं.”

“मग झालं तर. देवाच्या कामात हुता तुम्ही. त्यात तुमचा काय दोष?”

“आन् संपतला कळाय नगं?” दुसरी म्हणाली. “काकी सकाळच्या बोलत न्हाईत, लहान प्वाराला ठावं हाय.”

“एवढ्या वर्सांचं व्रत. ते मोडून कोण बोलंल?”

बायका एकदम मोकळ्या झाल्या. तीन दिवस कुणावर तरी राग धरायचा होता, तो आता संपतवर गेला, आणि संपत तिथं नव्हता. मला वाटलं होतं सांगून टाकलं की हलकं होईल. तसं काही झालं नाही.

तात्या एकटे माझ्याकडे बघत होते. “खूण करता आली असती, काकी.”

“आली असती.”

“हात मोकळा हुता?”

“डावा मोकळा होता.”

“अवो तात्या, असं काय इचारता?” हौसाक्का म्हणाली. “पूजेत माणूस दंग असतंय. भान असतंय व्हय?”

“हौसाक्का, थांब जरा,” मी म्हणाले. “भान होतं मला.”

ती थांबली.

“संपत सामान काढून शेजारी चहाला गेला. पंधरा-वीस मिनिटं ट्रॅक्टर दारात उभा होता. माझी पिंड झाली होती, बेल वाहून झाला होता. एक माळ जप आणि विसर्जन, एवढंच उरलं होतं. तेवढं करून उठले असते तर मौन सुटलं असतं आणि ट्रॅक्टर दारातच असता. मी एक माळ ओढली. मग दुसरी घेतली. मग तिसरी. तिसरी चालू असताना ट्रॅक्टर गेल्याचा आवाज आला. मग मी सावकाश उठले.”

सुनीती हातात ओलं पोतं घेऊन जवळ आली होती. पाणी तिच्या पायांवर टपकत होतं.

“का, काकू?” तिनं विचारलं. रागानं नाही. तिला खरंच कळलं नव्हतं.

“तू हसली होतीस म्हणून.”

“कधी?”

“हौसाक्का म्हणाली, काकींचं रोज पाण्यात जातं, भिंतीवरचं तरी टिकेल. तेव्हा.”

तिच्या तोंडाकडे बघूनच समजलं, तिला ते आठवत नव्हतं. हौसाक्कालाही आठवायला वेळ लागला. तिनं पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. मला मात्र ते हसणं वीस दिवस पाठ होतं. कोण आधी हसलं, कोण नंतर, तेसुद्धा.

“तेव्हा माझ्या मनात आलं,” मी म्हणाले, “बघू दे, हिची माती कुठनं येते ती. व्रत मोडू नये म्हणून गप्प नव्हते मी. व्रत हाताशी होतं, एवढंच.”

मला क्षमा करायला निघालेल्या बायकांना आता काय करावं ते कळेना. एकीनं उगाच घमेलं पालथं करून झटकलं.

तात्या पायरीच्या कडेवर बसले. तोंड नदीकडे केलं. मग म्हणाले, “राघूला ह्यातलं काय कळतंय? मौनाचं न् हसण्याचं.”

“नाही कळत.”

“ती अजून गेलेली न्हाईत.”

“कोण?”

“राघू. तीन दिस झालं, तारंवर बसून हायत. आज सकाळी दोघांनी त्या घसरणीत चोच मारून बघितली. माती भुसभुशीत हाय, बीळ धरत न्हाई. त्यांना कडा सरळ लागतो. उभा, भिंतीवाणी.” त्यांनी समोरच्या भिंतीकडे हात केला. “अजून चैत हाय. कडा तासून दिला तर परत बिळं पाडतील. पाडतील का न्हाई, त्ये मी सांगत न्हाई. पर दिवस हायत.”

सुनीती म्हणाली, “मग तासू या, तात्या. आत्ता. मी येते.”

“तासणं माझं काम हाय. पहाटं करीन, ऊन व्हायच्या आत. ते अवघड न्हाई.” ते माझ्याकडे वळले. “अवघड म्होरलं हाय. ट्रॉल्या गावातनं गेल्यात, माती सगळ्यांनी बघितली. चाकांची वाट पडली एकदा की दुसरा ट्रॅक्टर येतोच. पल्याडच्या वीटभट्टीवाल्यांनी कालच इचारलं मला, कुठली म्हणून. ते उजाडायच्या आत येत्यात. तिथं कुणीतरी बसाय पायजे.”

“किती दिवस?” मी विचारलं.

“पिल्लं उडस्तोवर. दोन म्हयनं धरा.”

“पाळीपाळीनं बसू की,” हौसाक्का मधेच म्हणाली. “मी दोन दिस येते.”

“पाळी लावली की ज्याला त्याला वाटतं आज दुसऱ्याची हाय. एकच माणूस पायजे.”

“मी येईन,” मी म्हणाले.

“पहाटं पाचाला. उजाडल्यावर येऊन उपेग न्हाई.”

“पाचला येईन.”

“आन् तुमची पूजा?”

“परत आल्यावर.”

“आन् मौन?” ते हसत नव्हते. टोमणाही नव्हता. माठ घेणाऱ्याला माठ वाजवून दाखवावा तसं ते एक एक विचारत होते. “गप बसून राखण हुत न्हाई, काकी. ट्रॅक्टर दिसला की हाळी द्याय लागंल. मोठ्यानं. तुमचा आवाज हितं पायरीवर ऐकू येत न्हाई.”

“देईन हाळी.”

“रोज?”

“रोज. शब्द देते.”

त्यांनी मान हलवली. शब्द घेतला की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. चाळण आणि थापी तिथंच ठेवली, पाटी तेवढी उचलून काखेत घेतली. दोन पावलं जाऊन परत आले आणि हौसाक्काच्या राघूतल्या भेगेवरून अंगठा फिरवला.

“तूस कमी पडलंय,” ते सुनीतीला म्हणाले. “रातभर भिजत घाल. दोन घमेली. संध्याकाळच्याला येतो उद्या.”

“तात्या, सरपंचांना काय सांगू?”

“हिंदुरावाला मी सांगतो. तू तूस भिजव.”

बायका उठल्या. जाताना रोजच्यासारखं “येतो, काकी” कुणी म्हणालं नाही, आणि कुणी टाळलंही नाही. हौसाक्का माझ्याजवळ येऊन थांबली. “मी आपली बोलायची म्हून बोलले वं तवा,” म्हणाली. मी म्हटलं, “मला ठाऊक आहे.” ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

घरी सुनीतीनं घमेल्यांत तूस भिजत घातलं. मी भाकरी केल्या. आम्ही दोघी जेवलो. तिनं विचारलं, “मी पण येऊ का सकाळी?”

“नको. तू झोप. तुला उद्या भिंत आहे.”

थोड्या वेळानं ती म्हणाली, “काकू, मी हसले असेन. मला खरंच आठवत नाही.”

“असू दे.”

दुसऱ्या दिवशी मी साडेतीनला उठले. आंघोळ केली, देवापुढं दिवा लावून हात जोडले आणि देवघराचं दार लोटलं. ह्यांची जुनी काठी कोनाड्यात होती, ती घेतली. एक घोंगडी आणि पाण्याचा तांब्या घेतला. सुनीती ओसरीवर झोपली होती, हात उशाशी, कोपरापर्यंत माती वाळलेली. तिची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेतल्या, फाटकाबाहेर जाऊन पायात घातल्या आणि नदीच्या वाटेला लागले.